धुराड्याची चूल बसविण्यापूर्वी घराची तयारी

आपल्या राज्यातील खेड्यांत आज स्वयंपाकाचा गॅस पुष्कळ घरी पोहोचला आहे. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा आरंभ १ मे २०१६ रोजी झाला आणि त्यानंतर अनेक कुटुंबांत प्रथमच सिलिंडर आला. तथापि गॅस आला म्हणून चूल विझली, असे मात्र झालेले नाही. भाकरी, आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण, लग्नकार्यातील मोठी भांडी यांसाठी अजूनही चूलच पेटते. शेतात पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीच्या फांद्या हे सरपण विनामूल्य पडलेले असताना शेतकऱ्याने ते वापरू नये, असे सांगण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, त्या सरपणाचा धूर कोठे जावा? घरातील माणसांच्या छातीत, की छपरावरून आकाशात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुराच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ३२ लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. लहान मुलांचा न्यूमोनिया, प्रौढांचा दम्यासारखा जुनाट श्वासरोग, हृदयविकार व मोतीबिंदू यांचा चुलीच्या धुराशी संबंध आहे. हा धूर सर्वाधिक सोसते ती घरातील स्त्री व तिच्या मांडीवरील मूल. यास्तव धुराड्याची चूल ही चैनीची वस्तू नसून घराची गरज आहे. पण चूल बसविणे जितके सोपे, तितके तिच्यासाठी घर तयार करणे सोपे नाही. बहुतेक अपयश व बहुतेक अपघात या तयारीत राहिलेल्या उणिवेमुळेच घडतात. म्हणून या लेखात चुलीपेक्षा तिच्या जागेचा, धुराड्याचा व छपराचा विचार मुख्यतः केला आहे.

मागील अनुभव

निर्धूर चुलीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यातून मगनचूल तयार झाली. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील श्री. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो २००२ पर्यंत चालला. या काळात देशभर फार मोठ्या संख्येने चुली बसविण्यात आल्या. परंतु त्यांपैकी अनेक थोड्याच वर्षांत मोडल्या वा पाडण्यात आल्या.

त्याची कारणे ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. कोठे धुराडे छपराच्या आतच संपविलेले होते. कोठे ते वळचणीखाली बाहेर काढल्याने वारा धूर परत आत लोटीत असे. कोठे काजळी काढण्यास वाटच ठेवलेली नव्हती, त्यामुळे काही महिन्यांत नळ तुंबला आणि घरातील बाईने वैतागून चुलीचे तोंड फोडून मोठे केले. दोष बाईचा नव्हता. ज्या वस्तूची निगा कशी राखावी हे कोणी सांगितले नाही, ती वस्तू टिकत नाही.

धूर वर का जातो?

तयारीचे नियम पाठ करण्यापेक्षा त्यांमागील तत्त्व समजून घेणे बरे. हवा तापली की पसरते व हलकी होते. बाहेरची हवा ३० अंश आणि धुराड्यातील वायू १८० अंश असेल, तर आतील वायू बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने हलका असतो. तो वर चढतो आणि त्याची जागा घेण्यास चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. हीच धुराड्याची ओढ होय.

यावरून तीन गोष्टी आपोआप निष्पन्न होतात. धुराडे जितके उंच, तितकी ओढ अधिक. वायू जितका गरम राहील, तितकी ओढ अधिक. आणि वाटेत जितकी वळणे, फटी व काजळी, तितकी ओढ कमी. ओल्या सरपणाने पाणी तापविण्यातच विस्तवाची उष्णता खर्ची पडते. वायू थंड होतो, ओढ मंदावते आणि न जळालेला धूर नळाच्या भिंतीला डांबरासारखा चिकटतो. हेच डांबर पुढे आगीला कारण होते.

पहिली तपासणी : जागा

चूल बसविण्यापूर्वी ग्रामसेवकाने घरधन्यासह व विशेषतः घरातील गृहिणीसह स्वयंपाकघर पाहावे. चुलीपाशी बसणारी तीच असल्याने तिचा उजवा-डावा हात, बसण्याची सवय, भांड्यांचे आकार हे तिलाच विचारून ठरवावे.

चूल शक्यतो बाहेरच्या भिंतीलगत असावी, म्हणजे धुराडे सरळ वर नेता येते. दाराच्या समोरासमोर चूल नसावी. वाऱ्याच्या झोताने ज्वाळा बाहेर लोटली जाते व लुगड्याच्या पदराला धोका पोहोचतो. चुलीखालची जमीन माती, दगड वा विटांची असावी. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर चूल बसवू नये. चुलीच्या तोंडासमोर निदान एक हात, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर जागा सरपण, गोवऱ्या व पोती यांपासून मोकळी ठेवावी. रॉकेलचा डबा व गॅसचे सिलिंडर यांची जागा चुलीपासून दूरच असली पाहिजे.

नंतर वर पाहावे. कोकणातील घरांत स्वयंपाकघरावर माळा असतो व त्यावर गवत, नारळाच्या झावळ्या, भाताचा पेंढा ठेवलेला असतो. देशावरील धाब्याच्या घरांत लाकडी तुळया व किलचांवर मातीचा थर असतो आणि धूर जाण्यास साणे ठेवलेले असते. विदर्भात कौलांखाली बांबूच्या कांबी असतात. धुराड्याची वाट या सर्वांतून जाणार आहे. म्हणून तुळई, वासा व आढे यांची जागा ओळंबा सोडून आधी निश्चित करावी आणि मगच खाली चुलीची जागा आखावी. चूल आधी व धुराडे मागून, हा क्रम उलटा आहे.

दुसरी तपासणी : जुने धुराडे

घरात पूर्वीचे धुराडे असल्यास ते तसेच नव्या चुलीला जोडण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी पुढील परीक्षा अवश्य कराव्यात.

चूल पूर्ण थंड असताना खालच्या तोंडातून आरशाच्या तुकड्याने वर पाहावे. आकाशाचा गोल स्वच्छ दिसला पाहिजे. न दिसल्यास चिमण्यांचे घरटे, गांधीलमाशीचे पोळे, निखळलेली वीट वा काजळीचा थर अडथळा करीत आहे असे समजावे. काथ्याचा वा ताठ तारांचा कुंचला लांब बांबूस बांधून नळ वरून खालपर्यंत घासून काढावा. हे काम करताना नाकातोंडावर ओले फडके बांधावे.

नंतर धुराची परीक्षा घ्यावी. मूठभर गवत किंचित ओले करून चुलीत पेटवावे आणि नळाचे वरचे तोंड ओल्या गोणपाटाने क्षणभर झाकावे. ज्या सांध्यातून वा भेगेतून धूर बाहेर येईल, तेथे कोळशाने खूण करावी. परीक्षा संपताच गोणपाट काढण्यास विसरू नये. लहान भेगा माती, शेण व बारीक भुसा यांच्या लिंपणाने भरून येतात. परंतु वीट हलत असेल वा नळ फुटला असेल, तर तो भाग उतरवून नव्यानेच बांधला पाहिजे. फुटक्या धुराड्यावरून लिंपण करणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे.

पूर्वीच्या काळी अनेक ठिकाणी ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ वापरले गेले. असा नळ करवतीने कापू नये, घासू नये, फोडू नये. त्याची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन अनेक वर्षांनी असाध्य रोग उत्पन्न करते. तो काढणे भाग पडल्यास पाण्याने भिजवून अखंड उतरवावा. नव्या कामासाठी भाजक्या मातीच्या नळ्या, विटांचे बांधकाम किंवा जाड पत्र्याचा नळ घ्यावा.

छपरातून वाट

हा सर्वांत नाजूक भाग होय. पत्र्याचा उघडा नळ स्वयंपाकाच्या वेळी इतका तापतो की, त्यालगतचे गवत वा लाकूड हळूहळू करपते. पहिल्या दिवशी काही होत नाही. पहिल्या वर्षीही कदाचित होणार नाही. परंतु वर्षानुवर्षे भाजलेले लाकूड कोळशासारखे होऊन पुढे कमी उष्णतेवरही पेट घेऊ शकते. म्हणून ‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा धरू नये.

यासाठी एक सोपा नियम सांगता येईल : उघड्या नळाला एक हात, ढालीच्या नळाला एक वीत. म्हणजे उघडा पत्र्याचा नळ आणि कोणतीही जळणारी वस्तू यांत सर्व बाजूंनी एक हात अंतर हवे. वासे दाट असल्याने ते शक्य नसेल, तर लाकडाच्या बाजूस पत्र्याची ढाल लावावी. ढाल व लाकूड यांच्यामध्ये अडीच सेंटिमीटर पोकळी ठेवून खालीवर हवा खेळती राहू द्यावी. अशा ढालीनंतरही नळ लाकडापासून निदान एक वीत, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर दूर असावा. ढाल थेट लाकडावर ठोकल्यास तिचा उपयोग होत नाही, कारण तापलेला पत्रा ती उष्णता लाकडालाच देतो.

गवताच्या वा उसाच्या पाचटाच्या छपरात १० सेंटिमीटर व्यासाच्या नळासाठी एक मीटर लांब व एक मीटर रुंद एवढा भाग गवत काढून मोकळा करावा व तेथे जस्ती पत्रा बसवावा. नळ त्याच्या मध्यातून न्यावा. म्हणजे चारही बाजूंनी एक हात अंतर आपोआप राहते. मात्र ऊसतोडणी कामगारांच्या पाचटाच्या कोप्यांत आतून धुराडे नेण्याचा प्रयत्नच करू नये. तेथे चूल कोपीबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून व आडोसा करून मांडणे हाच सुरक्षित मार्ग.

कौलारू छपरावर धुराडे निदान ९० सेंटिमीटर वर काढावे. तीन मीटरच्या आत आढे वा शेजारची भिंत असेल, तर तिच्यापेक्षाही ६० सेंटिमीटर उंच न्यावे; एरवी आढ्यावरून उतरणारा वारा धूर खाली दाबतो. टोकावर पावसापासून रक्षणासाठी पत्र्याची टोपी व पक्ष्यांना अटकाव म्हणून सुमारे एक सेंटिमीटर छिद्राची जाळी लावावी. याहून बारीक जाळी काजळीने लवकर तुंबते. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या भागात नळाभोवती पत्र्याची झालर वरच्या कौलाखाली सरकवून बसवावी, म्हणजे पाणी नळाच्या कडेने घरात उतरत नाही.

चूल बसविणे

चूल दोन भांड्यांची मातीची असो वा तयार लोखंडी भट्टी जुन्या ओट्यात बसवावयाची असो, काही गोष्टी समान आहेत. चुलीतून निघणारी वाट धुराड्याकडे चढती असावी. आडवी वाट फार लांब ठेवू नये. वळणे दोनांहून अधिक नकोत व ती काटकोनात न घेता तिरकी घ्यावीत. धुराड्याच्या तळाशी काजळी काढण्यासाठी एक लहान खिडकी ठेवून तिला घट्ट बसणारे झाकण करावे. ही खिडकी नसेल, तर चूल स्वीकारू नये, असा ग्रामसेवकांनी निश्चय करावा.

लोखंडी भट्टी मातीत घट्ट चिणून बसविण्याची चूक सर्रास होते. तीस सेंटिमीटर लांबीचे लोखंड ३०० अंशांनी तापले की सुमारे एक मिलिमीटर वाढते. एवढी वाढही मातीस सोसत नाही व ओटा तडकतो. मग त्या तडेतून धूर घरात येतो. म्हणून भट्टीभोवती अर्धा सेंटिमीटर फट सोडून ती चाळलेल्या राखेने भरावी व वरून पातळ लिंपण करावे. ते उकलले तर रोजच्या पोतेऱ्याबरोबर पुन्हा भरता येते.

भांडी चुलीच्या तोंडावर नीट बसली पाहिजेत. कडेने फट राहिल्यास धूर धुराड्याची वाट सोडून तेथूनच बाहेर पडतो. मागील वैलावर भांडे नसेल तेव्हा त्यावर मातीचे झाकण ठेवावे.

मातीची नवी चूल आठ ते दहा दिवस सावलीत वाळू द्यावी. नंतर दोन-तीन दिवस काटक्यांचा अगदी लहान विस्तव करावा. घाईने मोठा जाळ केल्यास आतील पाण्याची वाफ होऊन चूल फुटते. पेटविताना प्रथम थोडे पेटते गवत धुराड्याच्या तळच्या खिडकीत धरावे. नळ ऊबदार झाला की ओढ सुरू होते व आरंभीचा धूर घरात पसरत नाही.

धूर गेला, वाळवी आली!

चूल बसविल्यानंतर एक तक्रार हमखास ऐकू येते. दौऱ्यावर असताना एका वृद्ध मावशींनी ती अशी सांगितली : “साहेब, डोळ्यांचं पाणी थांबलं खरं, पण आमच्या वाशांना वाळवी लागली आणि टांगलेल्या मक्याच्या कणसांत सोंडे पडले. धूर होता तोवर असं नव्हतं.” या म्हणण्यात तथ्य आहे. चुलीचा धूर छपराचे व त्याखाली टांगलेल्या बियाण्याचे किडींपासून काही अंशी रक्षण करीत असे. हे मान्य न करता केवळ आरोग्याचे व्याख्यान दिले, तर लोक धुराडे बुजवितात.

यावर उपाय आहेत. बियाण्याची कणसे उन्हात चांगली वाळवून दाणे काढावेत. धान्याचे बियाणे १२ टक्क्यांहून कमी ओलाव्यावर आणावे. दाताखाली दाणा कटकन फुटला की तो साठविण्याजोगा वाळला, हा घरगुती अंदाज ठीक आहे. मग ते घट्ट झाकणाच्या कोरड्या पत्र्याच्या कोठीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावे. वाशांची पावसाळ्यापूर्वी पाहणी करून भिंतीवर चढलेल्या वाळवीच्या मातीच्या नळ्या मोडाव्यात व वाळवी जेथून येते तेथे बंदोबस्त करावा. धुराशिवाय बियाणे टिकते, हे एका हंगामात प्रत्यक्ष दिसले म्हणजे धुराड्याविषयीचा विरोध मावळतो.

सरपण आणि राख

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या सुमारे निम्मे पाणी असू शकते. ते फोडून, आडोशाला रचून, एक उन्हाळा वाळविले असता हे प्रमाण पाचव्या हिश्शापर्यंत वा त्याखाली येते. अशा सरपणाने जाळ चांगला, धूर कमी व काजळी कमी. पऱ्हाट्यांचे ढीग मात्र पुढील हंगामापर्यंत घराजवळ साठवू नयेत. त्यांवरील न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. बोंडे आधी वेगळी करून नष्ट करावीत. प्लास्टिक, रबर, रंग दिलेले लाकूड आणि औषधांचे रिकामे डबे वा पिशव्या चुलीत केव्हाही जाळू नयेत.

राखेत पालाश असते व ती शेतास उपयुक्त आहे. परंतु ती ताज्या शेणखतात किंवा युरियात मिसळू नये. राखेच्या क्षारामुळे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. याहून महत्त्वाचे म्हणजे राखेतील निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. गरम राख उकिरड्यावर टाकली आणि वाऱ्याने ठिणगी कडब्याच्या गंजीवर गेली, तर वर्षभराची वैरण घटकेत जाते. म्हणून राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून, पूर्ण थंड झाल्यावरच बाहेर न्यावी.

निगा व संकटसमयीचे कर्तव्य

धुराड्याची तळची खिडकी दर पंधरवड्यास उघडून काजळी काढावी. नळ महिन्यातून एकदा वरून खालपर्यंत घासावा. पावसाळ्याच्या आरंभी व शेवटी छपराजवळील लाकूड हाताने चाचपून पाहावे. ते काळवंडलेले वा ठिसूळ वाटल्यास चूल बंद ठेवून अंतर वाढवावे.

नळातून घोंगावण्याचा मोठा आवाज येऊ लागला व टोकावर ठिणग्या दिसल्या, तर आतील काजळी पेटली असे समजावे. अशा वेळी मुले-माणसे प्रथम बाहेर काढावीत. चुलीतील विस्तवावर राख वा कोरडी वाळू टाकावी, चुलीचे तोंड व तळची खिडकी बंद करावी, म्हणजे हवा तुटते. तापलेल्या नळात पाणी ओतू नये. नळ फुटून आग घरात शिरते. पाणी छपराच्या सभोवारच्या भागावर मारावे आणि अग्निशमन दल जवळ असल्यास १०१ वा ११२ क्रमांकावर कळवावे. आग विझल्यावरही धुराडे तपासल्याविना चूल पुन्हा पेटवू नये.

आणखी एक सूचना हिवाळ्यासाठी. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो घेतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे. दारे-खिडक्या लावून शेगडी वा निखाऱ्यांची पाटी शेजारी ठेवून झोपणे हे प्राणावर बेतू शकते. धुराडे असले तरी स्वयंपाकघराची एक खिडकी उघडी असलीच पाहिजे. चुलीस ताजी हवा मिळाली नाही, तर तीच धुराड्याची ओढ उलटी फिरवू शकते.

ग्रामसेवकांस विनंती

गावात किती चुली बसल्या, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. परंतु सहा महिन्यांनी त्यांपैकी किती चुली धूर बाहेर टाकीत आहेत, हा आकडा अधिक खरा. यास्तव प्रत्येक चुलीपाशी पाच गोष्टी पाहूनच ती पुरी झाली असे मानावे : नळाला लाकडापासून एक हात किंवा ढालीसह एक वीत अंतर आहे; टोक आढ्याहून उंच आहे; काजळीची खिडकी उघडते व बंद होते; तोंडासमोरील जागा मोकळी आहे; आणि चूल वापरणाऱ्या भगिनीने स्वतःच्या हाताने एकदा नळ साफ करून दाखविला आहे. यांतील पाचवी गोष्ट साधली, तर उरलेल्या चार गोष्टींकडे घरचीच माणसे लक्ष ठेवतील.